मोरोगोरोचा ताळेबंद: टांझानियातल्या दोन जिल्ह्यांनी आरोग्याचे पैसे कसे वाटले

टांझानियातल्या मोरोगोरो जिल्ह्याचं १९९६ सालचं आरोग्याचं अंदाजपत्रक आणि त्याच भागातल्या मृत्यूंच्या नोंदी असे दोन कागद एकदा शेजारी शेजारी ठेवले गेले. अकाली मृत्यूंमुळे तिथे आयुष्याची जेवढी वर्षं वाया जात होती, त्यांतली ३० टक्के एकट्या मलेरियाने नेली होती. मलेरियावर खर्च होत होते अंदाजपत्रकातले ५ टक्के. न्यूमोनिया, हगवण, कुपोषण, गोवर अशा बालपणीच्या दुखण्यांच्या गटाचा वाटा २८ टक्के आणि त्यावरचा खर्च १३ टक्के. दुसऱ्या टोकाला क्षयरोग होता. वाया गेलेल्या वर्षांत त्याचा वाटा ४ टक्क्यांहून कमी, खर्चात मात्र २२ टक्के. लसीने टळणाऱ्या आजारांचा वाटाही ४ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यांच्यावर जात होते ३० टक्के.

हे आकडे पुढे जगभर फिरले. बहुतेकांनी त्यातून एकच निष्कर्ष काढला: गरीब देशांत पैसे कमी आहेत हे खरंच, पण आहेत तेही भलतीकडे जातात, रोगाच्या ओझ्याप्रमाणे वाटणी केली की माणसं वाचतील. हा निष्कर्ष अर्धाच बरोबर आहे असं मला वाटतं. बरोबर अर्धा कोणता आणि फसवा कोणता, हे त्या दोन कागदांवरून कळत नाही. ते कागद कुणी, कशासाठी आणि कुणाच्या हातात दिले, ते पाहावं लागतं.

लेबल लावून आलेले पैसे

मोरोगोरोच्या त्या विचित्र ताळेबंदात कुणा एका माणसाचा दोष नव्हता. १९६७च्या अरुशा घोषणेने देशाने समाजवादी वाट धरली, त्यानंतर राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांच्या सरकारने गावोगावी दवाखाने काढले होते. देश गरीब, पण लोकसंख्येचा मोठा भाग कुठल्या ना कुठल्या सरकारी किंवा मिशनच्या दवाखान्यापासून पाचेक किलोमीटरच्या आत राहत होता. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांना तेव्हा हे साधलं नव्हतं. मग ऐंशीच्या दशकात अर्थव्यवस्था कोसळली. इमारती उभ्या, कर्मचारी नेमलेले, पण पगार तुटपुंजे, छप्परं गळकी आणि औषधांचं कपाट रिकामं अशी स्थिती झाली. ही पोकळी परदेशी मदतीने भरली, आणि मदत आली ती लेबल लावून. लसीकरणाचा कार्यक्रम वेगळा, त्याच्या गाड्या नि त्याचे भत्ते वेगळे. क्षय आणि कुष्ठरोगाचा कार्यक्रम वेगळा. डेन्मार्कच्या मदतीने आणि युनिसेफच्या हातून आवश्यक औषधांच्या पेट्या येत. दवाखाना डोंगरात असो की खाडीकाठी, पेटी ठरलेली. कुठे मलेरियावरचं क्लोरोक्वीन महिनाअखेरीआधी संपे, तर कुठे तीच पेटी अर्धी भरलेली पडून राही.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने या सगळ्यात करायचं काय? तर आलेला निधी ज्या लेखाशीर्षाखाली आला त्याच लेखाशीर्षाखाली संपवायचा आणि हिशेब वर पाठवायचा. गेल्या वर्षीचा आराखडा काढून त्यात काही टक्के वाढ करायची, याला नियोजन म्हणत. आपल्याकडे जिल्हा परिषदेत मार्च महिना पाहिलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही. अंदाजपत्रक लिहिलं जाई ते इंधन, प्रवासभत्ता, दुरुस्ती, लस अशा बाबींनुसार. त्यामुळे ‘मलेरियावर आपण किती खर्च करतो?’ हा प्रश्न विचारला असता, तरी त्याचं उत्तर कुणालाही देता आलं नसतं. मृत्यूंचं चित्रही तितकंच धूसर होतं. इस्पितळाच्या नोंदवहीत फक्त इस्पितळात पोचलेल्यांची नोंद होते, आणि या भागात बहुतेक मृत्यू घरी होत होते.

बारा डॉलरचा दावा

जागतिक बँकेचा १९९३चा विकास अहवाल आरोग्यावर होता. रोगाचं ओझं मोजायचं, प्रत्येक उपायाला किती पैशांत किती आयुष्य वाचतं ते काढायचं आणि सर्वांत परवडणाऱ्या उपायांचा एक संच सगळ्यांना द्यायचा, असं त्याचं सूत्र. गरीब देशांत हा संच माणशी वर्षाला साधारण १२ डॉलरमध्ये बसेल, असा त्यातला अंदाज होता. टांझानियात तेव्हा आरोग्यावर माणशी होणारा खर्च होता ८ डॉलरच्या आसपास.

या अहवालावर कडाडून टीका झाली. आरोग्याला दुकानदारी केली, वॉशिंग्टनमध्ये बसून दार-एस-सलामचे अग्रक्रम ठरवले, वगैरे. टीकेत तथ्य होतं. कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राने मात्र वेगळी वाट धरली. दावा आहे ना, मग तो एका खऱ्या देशात, खऱ्या जिल्ह्यात, तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या हातून तपासू. रोगाचं ओझं आणि उपायाची किंमत पाहून जिल्हा स्वतःचं नियोजन करू शकतो का? करू शकत असेल, तर त्यासाठी काय काय लागतं? आणि त्याने मृत्यू कमी होतात का? टांझानियाच्या आरोग्य मंत्रालयाने हा प्रयोग स्वीकारला आणि त्यातून टांझानिया अत्यावश्यक आरोग्य उपाय प्रकल्प उभा राहिला. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला टेहिप म्हणत. १९९७पासून २००४पर्यंत तो प्रत्यक्ष जिल्ह्यांत चालला. हारून कसाले आणि डॉन द साव्हिन्यी ही या कामातली प्रमुख नावं.

या रचनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संशोधनाचा निधी आणि जिल्ह्याला खर्चाला द्यायचा निधी एकाच प्रकल्पात, पण वेगवेगळ्या हिश्शांत होता. संशोधकांनी शोधनिबंध लिहून निघून जायचं आणि जिल्ह्याने त्याची प्रत कपाटात ठेवायची, हा नेहमीचा प्रकार त्यामुळे टळला. आफ्रिकेतलं कितीतरी आरोग्य संशोधन उत्तम असूनही निरुपयोगी ठरतं. त्याचे प्रश्न पैसे देणाऱ्याच्या देशात ठरतात आणि उत्तरं तिथल्याच नियतकालिकांत छापून येतात. इथे प्रश्न विचारणारा होता जिल्ह्याचा अधिकारी, आणि त्याला उत्तर हवं होतं पुढच्या अंदाजपत्रकाच्या आत.

दोन जिल्हे

निवडलेले जिल्हे दोन: मोरोगोरो ग्रामीण आणि रुफिजी. मिळून वस्ती सुमारे सात लाख. मोरोगोरो दार-एस-सलामच्या पश्चिमेला, उलुगुरु डोंगरांच्या कुशीत. रुफिजी दक्षिणेला, त्याच नावाच्या नदीच्या खोऱ्यात. नदी समुद्राला मिळते तिथे खारफुटीचा प्रचंड त्रिभुज प्रदेश आहे. रुफिजी जिल्ह्याचं क्षेत्रफळ तेरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे साधारण आपल्या गडचिरोलीएवढं, पण २००२च्या जनगणनेत वस्ती होती दोन लाखांच्या आसपास. पावसाळ्यात रस्ते बंद, त्रिभुज प्रदेशातल्या काही दवाखान्यांना फक्त होडीने जाता येई, आणि नदीवरचा मोठा पूल २००३मध्ये झाला तोवर दक्षिणेकडे जायला फेरीबोट लागे.

जन्ममृत्यूची अधिकृत नोंद जवळजवळ नाहीच, त्यामुळे मोजणीची वेगळी व्यवस्था लागली. मोरोगोरोत प्रौढांच्या मृत्यूंची पाहणी करणारा ब्रिटिश मदतीवरचा प्रकल्प आधीपासून होता. रुफिजीत १९९८च्या अखेरीस नवी व्यवस्था उभी केली. सुमारे ८५ हजार माणसांच्या प्रत्येक घरी दर चार महिन्यांनी गणक जायचा: कोण जन्मलं, कोण गेलं, कोण गाव सोडून गेलं. मृत्यू झाला असेल तर काही आठवड्यांनी प्रशिक्षित माणूस घरच्यांशी बोलायचा. ताप किती दिवस होता, श्वास जलद चालत होता का, झटके आले का, उपचार कुठे घेतले. या जबानीवरून डॉक्टर मृत्यूचं कारण ठरवत. याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने बालमृत्यूंसाठी याच पद्धतीवर काम केलं आणि तिचे निकष सुचवले, त्यामुळे मराठी वाचकाला ती अगदीच अनोळखी नसावी.

पद्धत उपयोगी, पण कच्चीही. तापाने गेलेलं मूल मलेरियाने गेलं की न्यूमोनियाने की रक्तातल्या जंतुसंसर्गाने, हे आईच्या आठवणीवरून सांगणं कठीण. म्हणून ‘३० टक्के मलेरिया’ हा आकडा तराजूत तोलल्यासारखा वापरू नये. तरीही ५ टक्के खर्चासमोर तो ठेवला की तफावत इतकी मोठी दिसते की आकडा २० असता तरी निर्णय तोच झाला असता. प्राधान्य ठरवायला अचूक माहिती लागतेच असं नाही. निर्णय बदलेल इतपत माहिती पुरते. संशोधकांना हे पटवणं कधीकधी अधिकाऱ्यांना पटवण्याहून अवघड जातं.

आकडे वाचता येतील असे

टेहिपचं खरं कसब मोजण्याहून मांडण्यात दिसलं. मृत्युनोंदींचे तक्ते जसेच्या तसे जिल्ह्याला दिले असते तर कुणी उघडूनही पाहिले नसते. म्हणून रोगांची यादी उपायांच्या गटांत बदलली. वाया गेलेल्या वर्षांतली किती वर्षं मच्छरदाण्या नि तापावरच्या उपचाराने वाचू शकतात, किती बालरोगांच्या एकत्रित उपचाराने, किती लसीने, किती सुरक्षित बाळंतपणाने, असे दंडआलेख. सुमारे शंभर रोगांची नावं वाचून अधिकारी काय करणार? पण ‘या एका उपायाच्या आवाक्यात एवढा भाग येतो’ हे पाहिलं की पैसे कुठे टाकायचे याचा विचार आपोआप सुरू होतो.

दुसरं साधन खर्चाचं. संगणकावरची एक तक्त्यांची फाइल होती. अधिकाऱ्याने नेहमीच्याच लेखाशीर्षांनी रकमा भरायच्या, आणि तीच रक्कम कोणत्या उपायावर किती जाते ते आलेखात उमटायचं. नवा फॉर्म नाही, नवा अहवाल नाही. अंदाजपत्रक चर्चेत असतानाच दिसायचं की अमुक रक्कम वाढवली तर चित्र कसं बदलतं. ज्या खात्यात प्रत्येक नवा प्रकल्प म्हणजे नव्या नोंदवह्यांचा गठ्ठा, तिथे कर्मचाऱ्यांचं काम न वाढवणारं साधन आणणं हीच मोठी गोष्ट.

तिसरी बाजू लोकांचं म्हणणं ऐकण्याची, आणि तिथे एक धडा मिळाला. मुलाला तापात झटके येतात, डोळे फिरतात, त्या अवस्थेला किनाऱ्यावरचे लोक ‘देगेदेगे’ म्हणतात. अनेकांच्या समजुतीत हा मलेरिया नव्हेच; तो बाहेरच्या बाधेचा आजार, त्याला म्गांगा म्हणजे वैदूच हवा, दवाखान्यातली सुई टोचली तर मूल दगावेल. आरोग्य खात्यात सर्वसाधारण समज असा की मुलं मरतात ती आया वैदूकडे जातात म्हणून. तेव्हा लोकशिक्षण करा, पोस्टर लावा. रुफिजीत मलेरियाने झालेल्या मृत्यूंच्या जबान्या तपासल्यावर निघालं ते उलट. उपचार घेतलेल्यांपैकी दहांतले जवळजवळ आठ आधी आधुनिक उपचाराकडेच गेले होते: दवाखाना, इस्पितळ किंवा दुकानातली गोळी. झटके आलेल्या मुलांच्या बाबतीतही वैदूकडे पहिली धाव घेणारे अल्पसंख्यच निघाले.

म्हणजे माणसं दवाखान्यात येत होती आणि तरीही मरत होती. कुठे औषध संपलेलं, कुठे कर्मचाऱ्याने फक्त ताप पाहिला आणि जलद श्वास पाहिलाच नाही, कुठे पोचायला उशीर. त्यात क्लोरोक्वीन निकामी होत चाललं होतं. टांझानियाने ते बदलून दुसरं औषध आणलं ते २००१मध्ये. पोस्टरवरचा खर्च वाचला हा फायदा लहान. दोष लोकांच्या अज्ञानावर ढकलायची सोय गेली, हा मोठा.

ऐंशी सेंट

प्रकल्पाने दोन्ही जिल्ह्यांना माणशी वर्षाला २ डॉलरपर्यंत जादा निधी देऊ केला होता. जिल्ह्यांना तो पचला नाही. आराखडे नीट बसवून पाहिल्यावर प्रत्यक्षात लागले ते माणशी ८० सेंटच्या आसपास. १२ डॉलरच्या संचाची चर्चा करणाऱ्या जगाला हा आकडा चमत्कारिक वाटला. त्यामागचं कारण साधं आहे: इमारती, पगार, लसी हे आधीपासून होतंच, नव्या पैशाला फक्त फटी भरायच्या होत्या.

या पैशाचं काय केलं, ही यादी दिसायला अगदी नीरस आहे. बालरोगांच्या एकत्रित उपचाराचं, म्हणजे आयएमसीआयचं प्रशिक्षण, सलग ११ दिवसांचं, मुलं तपासणाऱ्या बहुतेक कर्मचाऱ्यांना. यात मूल तापाने आलं असलं तरी खोकला, जुलाब, वजन, लस हे सगळं ठरलेल्या क्रमाने पाहायचं असतं. मोठ्या केंद्रांनी आसपासच्या लहान दवाखान्यांवर देखरेख ठेवायची आणि त्यासाठी मोटरसायकल, होडी, बिनतारी रेडिओ. औषधं ठरल्या पेटीऐवजी मागणीप्रमाणे. कीटकनाशकात बुडवलेल्या मच्छरदाण्या. आणि पडक्या दवाखान्यांची दुरुस्ती: विटा आणि मजुरी गावाची, पत्रे नि सिमेंट प्रकल्पाचं. दंडआलेखांत दुरुस्तीसाठी एकही दांडा नव्हता, कारण गळकं छप्पर कुठल्या रोगाचं ओझं नसतं. कर्मचाऱ्यांनी आग्रह धरला म्हणून ती आली. मला या सगळ्या प्रकरणात हा भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. सूत्र बाजूला ठेवून केलेला हा खर्च नसता, तर सूत्राप्रमाणे केलेला खर्च दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलाच नसता.

लक्षात घ्या, लस किंवा क्षयरोगाचा एक छदामही कापला गेला नाही. तो निधी बंधित होता, त्याला हात लावायची जिल्ह्याला मुभाच नव्हती. मुभा होती ती या छोट्याशा अबंधित रकमेपुरती. ती पूर्णपणे उपेक्षित बाजूला वळवता आली, त्यामुळे एकूण चित्र हललं. भारतात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५पासून उपकेंद्रांना वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी दिला, त्यामागचा विचारही याच जातीचा. तो कुठे कामी आला आणि कुठे खुर्च्या-पडद्यांत गेला, हे आपल्या आरोग्यसेविका सांगतील.

मृत्यू खरंच कमी झाले का

रुफिजीच्या निरीक्षणाखालच्या गावांत १९९९मध्ये हजार जन्मांमागे १०० अर्भकं दगावत होती, २०००मध्ये ७२. पाच वर्षांखालच्या मुलांचा दर १४०वरून १२०. पुढची काही वर्षं जोडून प्रकल्पाने बालमृत्यू ४० टक्क्यांहून अधिक घटल्याचं सांगितलं. बातम्यांत मथळा तयार झाला: ऐंशी सेंटांत हजारो जीव.

इथे थोडं थांबायला हवं. ८५ हजार वस्तीत वर्षाला जन्म होतात काही हजार. एवढ्या लहान आकड्यांत एका वर्षातली उडी नशिबानेही होते. १९९७-९८च्या एल निनोने पूर्व आफ्रिकेत प्रचंड पाऊस पाडला होता; अशा काळाजवळची सुरुवातीची पातळी नेहमीपेक्षा वर असू शकते आणि मग घट आहे त्याहून मोठी दिसते. शिवाय याच सुमारास देशभर बालमृत्यू घटत होते. १९९०मध्ये टांझानियात हजारी सुमारे १४१ मुलं पाच वर्षांच्या आत जात; २००४पर्यंत हा दर ८३च्या आसपास आला. जिथे टेहिप कधी पोचलाच नाही तिथेही.

सुदैवाने या दोन जिल्ह्यांची शेजारच्या दोन जिल्ह्यांशी शिस्तशीर तुलना झाली. जागतिक आरोग्य संघटनेने आयएमसीआयची अनेक देशांत परीक्षा घेतली, तिचा हा टांझानियातला भाग. मोरोगोरो नि रुफिजीसमोर किलोम्बेरो आणि उलांगा ठेवले. २००४मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा: सुरुवातीच्या दोन वर्षांत चारही जिल्हे जवळपास सारखे, नंतरच्या दोन वर्षांत आयएमसीआयच्या जिल्ह्यांत बालमृत्यूदर तुलनेच्या जिल्ह्यांपेक्षा १३ टक्क्यांनी कमी. हिशेबाची एक रीत धरली तर ही घट पक्की ठरते, दुसरी धरली तर फरक शून्य असण्याची शक्यताही उरते. एका मुलाच्या उपचाराचा वर्षाचा खर्च मात्र नव्या पद्धतीत वाढला नव्हता. उलट तुलनेच्या जिल्ह्यांतल्या सुमारे १६ डॉलरसमोर तो ११ डॉलरच्या घरात होता.

किलोम्बेरो आणि उलांगा हे काही कोरे कागद नव्हते. तिथे मच्छरदाण्यांचा मोठा कार्यक्रम आधीच जोरात होता आणि त्यानेही मुलं वाचत होती. म्हणजे १३ टक्के हा ‘काहीच न करणाऱ्या’ जिल्ह्यांवरचा विजय नव्हे. चांगलं काही चालू असलेल्या जिल्ह्यांच्या पुढे टाकलेलं ते पाऊल. मला हा १३चा आकडा ४०हून कितीतरी मोलाचा वाटतो. ४० टक्क्यांत पाऊस, देशभरची सुधारणा, मच्छरदाण्या, प्रशिक्षण हे सगळं मिसळलेलं आहे. १३मध्ये ते बऱ्याच अंशी वेगळं काढलंय.

एक फट उघडीच राहिली. मूळ आयएमसीआयमध्ये बाळाचा पहिला आठवडा धरलेलाच नव्हता, आणि अर्भकमृत्यूंचा मोठा भाग नेमका त्या आठवड्यातला. भारताने हा कार्यक्रम घेताना पहिला आठवडा त्यात घातला. घरच्या घरी काळजी घेऊन नवजात बाळं वाचतात हे गडचिरोलीतून १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तोवर दाखवलं होतं.

२२ टक्क्यांचा क्षयरोग

आता सुरुवातीच्या कागदातल्या फसव्या भागाकडे. क्षयरोगाचं ओझं ४ टक्क्यांहून कमी आणि खर्च २२ टक्के, म्हणून तो जादा, असं म्हणणं म्हणजे धरण बांधल्यावर पूर येत नाही म्हणून धरणाची डागडुजी थांबवण्यासारखं. टांझानियाचा क्षयरोग कार्यक्रम साधासुधा नव्हता. क्षयरोगतज्ज्ञ कारेल स्टिब्लो यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे जी पद्धत बसवली, तिच्यातूनच पुढे जगभर गाजलेली डॉट्सची, म्हणजे रोग्याला देखरेखीखाली औषध देण्याची रीत आली. क्षयरोगावरचा उपचार पैशाच्या मानाने फार आयुष्य वाचवतो, हे १९९३चा बँकेचा अहवाल सांगत होता ते बऱ्याच अंशी याच अनुभवावर. वर एचआयव्हीच्या साथीमुळे क्षयरोग वाढत चालला होता. लसीचंही तेच: गोवराचे मृत्यू कमी दिसतात ते लस टोचली जाते म्हणून.

ओझ्याच्या टक्क्यांशी खर्चाचे टक्के जुळवणं हा प्राधान्य ठरवायचा नियम होऊच शकत नाही. विचारायचं असतं ते एवढंच: पुढचा एक डॉलर कुठे टाकला तर सर्वांत जास्त फरक पडेल? मोरोगोरोत १९९७ साली त्याचं उत्तर मलेरिया आणि आजारी मुलं हेच होतं, आणि ते दंडआलेखावरून सापडलं. पण आलेखाने उत्तर दिलं नाही, त्याने फक्त बोट दाखवलं. क्षयरोगाचे पैसे मोकळे असते आणि एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने ते ‘समतोल’ करायला वळवले असते, तर आज हे प्रकरण वेगळ्याच कारणासाठी शिकवलं गेलं असतं. निधी बंधित असण्यावर मी इतकी टीका केली, पण इथे त्याच बंधनाने जिल्ह्याला वाचवलं, हे नाकारता येत नाही.

नंतर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टांझानियाने दात्यांना एकाच टोपलीत पैसे टाकायला राजी केलं. या सामायिक निधीतून जिल्ह्यांना सुरुवातीला माणशी सुमारे अर्धा डॉलर मिळू लागला, पुढे तो वाढला. आराखडे जिल्ह्यानेच करायचे, फक्त खर्चाच्या मर्यादा वरून. टेहिपच्या धड्यांचा या बदलात वाटा होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत, २००२मध्ये एड्स, क्षयरोग नि मलेरियासाठीचा ग्लोबल फंड हा जागतिक निधी आणि २००३मध्ये अमेरिकेचा एड्स मदत कार्यक्रम आला. त्यांनी आणलेल्या औषधांनी आफ्रिकेत लाखो माणसं जगली; त्या पैशाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण तो पुन्हा लेबल लावलेला होता, आणि जिल्ह्याच्या मोकळ्या निधीच्या मानाने इतका मोठा की आरोग्य कार्यालयातल्या माणसांचा दिवस त्याच्याच अहवालांत जाऊ लागला.

२००६ ते २०११ या काळात टांझानियातल्या म्बरली जिल्ह्यात दुसरा एक संशोधन प्रकल्प झाला. केनिया आणि झांबियात त्याचीच भावंडं होती. त्यांनी प्रश्न बदलला. निर्णय बरोबर आहे का, हे विचारण्याऐवजी तो कसा घेतला हे पाहिलं: कारणं दिली का, ती लोकांना कळली का, दाद मागायला जागा आहे का, आणि हे सगळं पाळलं जातंय ना याची जबाबदारी कुणाची. उत्तरं फारशी सुखद नव्हती. आराखडा मुख्यतः जिल्ह्याच्या आरोग्य पथकाच्या खोलीत होई. लोकांपर्यंत तो क्वचितच पोचे, दाद मागायची सोय जवळजवळ नव्हती. आणि मंजूर पैसे उशिरा आले की कागदावरचा अग्रक्रम बाजूला पडून हातात आहे त्यातून जे जमेल ते होई.

टेहिपने हा प्रश्न विचारलाच नव्हता. रुफिजीच्या गावांत वर्षातून तीनदा येऊन घरातली माणसं मोजून नेणाऱ्यांनी पुढच्या अंदाजपत्रकाची बैठक कधी आहे हे त्या घरांना सांगितलं असतं, तर अग्रक्रम बदलले असते का? कदाचित मलेरिया वरच राहिला असता. कदाचित बाळंतिणीला नदीपार नेणारी होडी आणखी वर सरकली असती.

२०१७-१८पासून टांझानियाने सामायिक निधीतले पैसे जिल्ह्याच्या तिजोरीत न थांबवता थेट दवाखान्यांच्या बँक खात्यात पाठवायला सुरुवात केली. मोकळा पैसा एक पायरी खाली उतरला. त्या पायरीवर बऱ्याच ठिकाणी एकदोन कर्मचारी असतात. तेच रोगी तपासतात, तेच औषधांची मागणी लिहितात, आणि आता खातेवहीही त्यांच्याकडेच आली आहे.